कुंदाबाईंच्या मागच्या दाराची तार

समजा, तुम्हाला एका घराला चोराचा अलार्म बसवायचा आहे. घर जळगावच्या पिंप्राळ्यात, महिना मे. तुम्ही हॉलच्या मधोमध उभे आहात, हातात टेप, कानामागे पेन्सिल, आणि कूलर बंद आहे कारण वीज गेली आहे. घराला दारं तीन, खिडक्या सात. प्रत्येकीवर आगपेटीएवढा एक सेन्सर बसणार आणि दार उघडलं की तो हॉलमधल्या पेटीला कळवणार. पेटी मग भोंगा वाजवणार आणि मालकाच्या मोबाइलवर मेसेज धाडणार. आता एवढंच ठरवा, की सेन्सरने पेटीला कळवायचं कसं? तारेतून म्हणाल तर भिंतीवरून पट्टी ओढावी लागेल, भोकं पाडावी लागतील. हवेतून म्हणाल तर भिंत शाबूत राहील, पण प्रत्येक सेन्सरच्या पोटात एक सेल असेल आणि तो कधी दगा देईल ते त्याचं त्यालाच ठाऊक. ठरवलंत? जरा थांबा. घराची मालकीण अजून बोललेली नाही.

"भिंतीला टाचणीसुद्धा टोचू देणार नाही," कुंदाबाई म्हणाल्या. "दिवाळीत रंग दिलाय. मोतिया. तीन हात."

भाईदास यांनी पेन्सिल कानामागून काढली, भिंतीकडे पाहिलं आणि पुन्हा कानामागे ठेवली. भिंत खरोखरच सुंदर होती. तारेच्या माणसाला असली भिंत पाहून जे दुःख होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं.

भाईदास एकसष्ट वर्षांचे. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन. धुळ्यापासून शिंदखेड्यापर्यंत असा खांब नव्हता की ज्यावर ते चढले नाहीत. डाव्या पायाच्या नडगीवर खांबाच्या लोखंडी पायरीची खूण अजून आहे, आणि ती ते लोकांना पदकासारखी दाखवतात. कुठलीही तार दिसली की तिला हळूच ओढून बघायची सवय इतकी हाडात भिनलेली, की लग्नाच्या मांडवातल्या लाइटिंगच्या माळाही त्यांच्या हातून सुटत नाहीत. "यांना चंद्रावर नेलं ना," त्यांच्या पत्नी लिलाबाई सांगतात, "तर आधी खांब कुठे रोवायचा ते विचारतील."

निवृत्तीनंतर सहा महिने ते घरातल्या पंख्यांची रेग्युलेटरं उघडून बसले. मग लिलाबाईंनीच त्यांना मुलीच्या हवाली केलं. मुलगी प्रज्ञा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. दोन वर्षं पुण्यात एका कंपनीत कॅमेरे आणि अलार्म बसवून परत आली आणि पिंप्राळ्यात स्वतःचं काम सुरू केलं. स्कूटीवर पुढे ती, मागे शिडी धरून भाईदास. गिऱ्हाइकाने विचारलं, "हे कोण?" की प्रज्ञा गंभीर चेहऱ्याने सांगायची, "आमचे ट्रेनी आहेत."

आणि ट्रेनीचं मालकिणीशी रोज एकाच गोष्टीवरून वाजायचं.

"पप्पा, आता जग बिनतारी झालंय."

"झालं ना. म्हणून तर कुणाचा फोन धड लागत नाही."

"तार उंदीर कुरतडतात."

"कुरतडू दे. तार तुटली की सर्किट तुटतं, पेटी लगेच बोंब मारते. तुझा तो हवेतला सेन्सर मुका झाला तर सांगतो का कुणाला, की बाबांनो, मी मुका झालो?"

"चांगला सेन्सर दर तासाला हजेरी देतो."

"हजेरी तर आमच्या खात्यातही सगळे देत होते," भाईदास म्हणायचे. "कामावर किती जण असायचे ते मला विचार."

त्या सोमवारी मात्र वादाला जागाच नव्हती. मोतिया रंगाने निकाल देऊन टाकला होता. आणि घाईही होती. कुंदाबाईंची एकुलती मुलगी ज्योती दोंडाईच्याला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरचं. पण तिचं बीपी वाढलेलं, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. तेव्हा आईनेच तिकडे जायचं ठरलं. कुंदाबाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या गेल्या की घर महिनाभर बंद.

आणि तिथेच गाडी अडली होती. मार्चमध्ये गल्लीतल्या एका घरची मंडळी पाचोऱ्याला लग्नाला गेली, तेव्हा चोरांनी त्यांचं घर धुऊन नेलं. दागिने गेले, मिक्सर गेला, भरलेलं सिलिंडर गेलं. पण कुंदाबाईंच्या मनाला लागली ती वेगळीच गोष्ट. चोर फ्रिजमधलं आइस्क्रीम वाट्यांमध्ये घेऊन बसून खाऊन गेले होते, आणि वाट्या बेसिनमध्ये ठेवून गेले होते.

"वाट्या बेसिनमध्ये ठेवल्या, भाऊ!" त्या भाईदासांना म्हणाल्या. "म्हणजे किती निवांत बसले असतील सांगा. माझ्या घरात असं कुणी निवांत बसलं तर मला दोंडाईच्यात घास उतरेल का?"

दोन वेळा त्यांनी तिकीट काढलं होतं. पहिल्यांदा बॅगच भरली नाही. दुसऱ्यांदा स्टेशनवर पोहोचल्या, गाडी फलाटाला लागली, आणि मागच्या दाराची कडी लावली की नाही या शंकेने त्या रिक्षा करून परत आल्या. कडी लावलेली होती. ज्योती फोनवर नुसती रडली. आता तिसरं तिकीट शुक्रवारचं होतं.

"शुक्रवारी मी गाडीत बसले पाहिजे," कुंदाबाई म्हणाल्या. "तार लावा नाहीतर हवा लावा. मला काय त्यातलं कळतंय?"

मंगळवारी बापलेकीने कामाला हात घातला. दारा-खिडक्यांना बिनतारी सेन्सर, आणि हॉलच्या कोपऱ्यात एक 'डोळा'. हा डोळा उष्णता बघतो. माणसाचं अंग मागच्या भिंतीपेक्षा गरम असतं, म्हणून माणूस हलला की डोळ्याला तो कळतो आणि त्याचा लाल दिवा लुकलुकतो. दुपारी अडीच वाजता, दारं-खिडक्या लावून, प्रज्ञा त्याच्यासमोरून चालत गेली. दिवा लागला नाही. परत आली. नाही. मग ती हात पसरून, नाचल्यासारखी गेली. दिवा ढिम्म.

"सेल उलटा टाकला असशील," भाईदास उत्साहाने म्हणाले.

"नाही पप्पा." तिने थर्मामीटर बघितलं. बंद हॉलमध्ये भिंतीचं तापमान जवळपास माणसाच्या अंगाइतकंच होतं. "त्याला मी आणि भिंत सारखीच दिसते. पुण्यात हे कधी झालं नव्हतं."

"पुण्याला ऊन कुठे असतं?" भाईदास म्हणाले.

कुंदाबाई दारातून ऐकत होत्या. "म्हणजे चोराने दुपारी यायचं?"

"दुपारी अडीचला मे महिन्यात पिंप्राळ्यात जो बाहेर पडेल, अक्का, तो चोर नाही. तो उष्माघाताचा पेशंट," भाईदास म्हणाले.

कुंदाबाई हसल्या खऱ्या, पण त्यांचं लक्ष बॅगेकडे गेलं. बॅग अजून रिकामी होती. तेव्हा प्रज्ञाने ठरवलं की भिस्त दारांवर ठेवायची. डोळा रात्रीच्या गारव्यात मदतीला. भिंतीला भोक नको म्हणून सेन्सर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावले होते. चारच्या सुमारास काम उरकून दोघं घरी पोहोचतात तोच फोन.

"भाऊ, तुमचा अलार्म माझ्या डोक्यात पडला."

उन्हाने टेपचा गोंद पातळ झाला होता आणि सेन्सर एकेक करून पिकल्या जांभळासारखे गळत होते. भाईदास परत निघाले तेव्हा त्यांच्या चालण्यात अशी उभारी होती, की लिलाबाईंनी विचारलं, "बढती मिळाली का?" त्यांनी कुंदाबाईंसमोर हात जोडून दारा-खिडक्यांच्या चौकटींत बारीक स्क्रूची परवानगी मागितली. चौकट भिंतीत मोडत नाही, हा मुद्दा त्यांनी वकिलासारखा मांडला. परवानगी मिळाली.

बुधवारी संध्याकाळी सगळं तयार झालं. कुंदाबाईंनी कोड ठरवला, ज्योतीच्या जन्माचं साल. भोंग्याची चाचणी झाली, अख्खी गल्ली जमा झाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रज्ञाने अलार्म चालू करायचा कसा, बंद करायचा कसा ते तीनदा शिकवलं. "आज रात्री घरात असतानाच लावून झोपा," ती म्हणाली. "सवय होईल."

गुरुवारी पहाटे पाचला, भाईदास अंगणात दात घासत असताना, दोन गल्ल्यांपलीकडून भोंगा ऐकू आला.

त्यांनी तोंडसुद्धा धुतलं नाही. प्रज्ञाने स्कूटी काढली आणि दोघं कुंदाबाईंच्या मागच्या दारी पोहोचले तेव्हा तिथे जे दिसलं, त्याचं चित्र कुठल्याही अलार्मच्या माहितीपुस्तकात नाही. मागच्या दारातून आत गेलं की एक अरुंद बोळ, बोळातून डावीकडे स्वयंपाकघराचं दार आणि समोर गच्चीचा जिना. त्या बोळात आठ बायका. एकीच्या डोक्यावर गरम घाट्याचं पातेलं, दोघींच्या खांद्यावर जुन्या धुतलेल्या साड्या, एकीच्या बगलेत पोळपाट. सगळ्यांत पुढे सुगंधाबाई, कुंदाबाईंची भिंतीला भिंत असलेली शेजारीण, कोपरापर्यंत पिठाचे हात वर धरून, पोलिसांनी पकडल्यासारखी उभी. आणि स्वयंपाकघराच्या दारात कुंदाबाई, दोन्ही कान हातांनी झाकून.

"अय भाऊ, बंद कर ना हाई!" सुगंधाबाई ओरडल्या. "मना कान फुटी ग्यात!"

"कोड टाका, अक्का!" प्रज्ञा ओरडली.

"आठवत नाही!" कुंदाबाई ओरडल्या.

"एकोणीसशे अठ्ठ्याण्णव!" सुगंधाबाईंच्या मागून पातेलंवाली ओरडली. "ज्योतीनं जन्मनं साल!"

प्रज्ञाने कोड टाकला. भोंगा थांबला. एकदम इतकी शांतता झाली की घाट्याचा बुडबुडा फुटल्याचा आवाज आला. मग प्रज्ञाने सावकाश विचारलं, "कोड यांना कसा माहीत?"

"कालच सांगितला सगळ्यांना," कुंदाबाई म्हणाल्या. "माझ्या लक्षात नाही राहिला तर कुणाला तरी आठवायला नको?"

"आन् किल्ली तर मनाजोडेच शे," सुगंधाबाई म्हणाल्या. "आम्ही काय चोर शेतस का?"

गोष्ट साधी होती. मे महिना म्हणजे बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा महिना. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, पहाटे तिचा घाटा शिजवायचा, आणि तो गरम आहे तोवर गोल गोल बिबडे करून साडीवर वाळत टाकायचे. एकट्या बाईचं हे काम नाही; म्हणून गल्लीतल्या बायका आज हिचे, उद्या तिचे असे पाळीपाळीने करतात. गल्लीत सगळ्यांत मोठी, एकाही झाडाची सावली नसलेली गच्ची कुंदाबाईंची. एकोणीस वर्षं सगळ्या गल्लीचे बिबडे तिथेच वाळत आले होते. मागच्या दाराची एक किल्ली कायम सुगंधाबाईंकडे. यात विशेष सांगण्यासारखं काही आहे, असं कुंदाबाईंना वाटलंच नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो हे अलार्मवाल्याला कुणी सांगतं का?

"चाला वं बायाहो," सुगंधाबाई म्हणाल्या, "बठ्ठा घाटा थंडा व्हई जाई." आणि फौज जिन्याने वर गेली.

कुंदाबाई मात्र स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. त्यांनी एकदा भोंग्याकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे.

"मी जात नाही," त्या म्हणाल्या.

"अक्का..."

"कशी जाऊ? अलार्म लावला तर यांना गच्ची बंद. सात घरांची ज्वारी भिजलीय, भाऊ. आणि लावला नाही तर घर उघडं. ज्योतीला सांगते, नर्स ठेव म्हणून."

प्रज्ञा काही बोलणार होती, पण भाईदासांनी तिला खुणेने थांबवलं. ते समोरच्या पाटावर टेकले. टेलिफोन खात्यात लाइनवर फॉल्ट आला की ते आधी खांबावर चढत नसत. आधी विचारत, या लाइनवर कोण कोण आहे? कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या शेतात नवा पंप, कुणाचं पोर पतंग उडवतंय? निम्मा फॉल्ट तिथेच सापडायचा. आणि इथे? इथे दोघांनी मिळून दारं मोजली, खिडक्या मोजल्या, भिंतीचं तापमान मोजलं. माणसं मोजलीच नव्हती.

"अक्का, मागच्या दाराने रोज कोण कोण येतं?"

"कुणी नाही."

"सुगंधाबाई?"

"ती काय कुणी आहे का? ती घरचीच."

मग हळूहळू यादी निघाली. सकाळी सुगंधाबाई आणि बिबडेवाल्या. अकरा वाजता बिबडे उलटायला दोघी. दुपारी टाकीचा कॉक बघायला एक जण, कारण अर्ध्या गल्लीच्या टाक्या या गच्चीवरून दिसतात. संध्याकाळी वाळवण गोळा करायला पुन्हा चौघी. प्रज्ञा एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहीत गेली आणि पत्रिका भरली.

"आणि या सगळ्या जणी बोळातून स्वयंपाकघरात येतात?"

"नाही गं. बोळातून सरळ जिना. स्वयंपाकघराला आतून कडी घालते मी. बाहेरून कुलूपही लागतं त्याला."

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं. भाईदासांनी पत्रिका घेतली आणि कोपऱ्यात बोळाचा आराखडा काढला. "म्हणजे आपण कुंपण चुकीच्या जागी घातलं. घर इथून सुरू होतं," त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावर रेघ ओढली. "बोळ आणि गच्ची गल्लीची. भोंगा या आतल्या दाराला. मागच्या दाराला भोंगा नको, नुसता मेसेज. उघडलं की अक्कांच्या मोबाइलवर कळेल, बस्स. अक्का दोंडाईच्यात, पण दारात कोण आलं ते त्यांना माहीत."

"पण ते दार दिवसातून तीस वेळा उघडणार," प्रज्ञा म्हणाली. ती बोळाच्या भिंतींकडे पाहत होती. "प्रत्येक वेळी सेन्सर हवेत बोलणार. सेल महिनाभरसुद्धा टिकायचा नाही." मग ती थांबली आणि जरा कष्टानेच म्हणाली, "पप्पा, इथे तार."

भाईदासांनी ऐकू न आल्यासारखं केलं. "काय म्हणालीस?"

"ऐकलंत तुम्ही."

"अक्का, या बोळाच्या भिंतीला..." भाईदास उठून उभे राहिले.

"तिथे कुठे रंग दिलाय," कुंदाबाई म्हणाल्या. "तिथे कोण बघतं? पाडा हवी तेवढी भोकं."

त्या दिवशी भाईदासांनी जी तार ओढली, तिच्याइतकी सरळ तार पिंप्राळ्यात दुसरी नसेल. बारा फुटांचं काम त्यांनी चार तास केलं. पट्टी पाणसळीने लावली. कोपऱ्यात तार मुडपू नये म्हणून तिला हाताने वळण दिलं. वरून ये-जा करणाऱ्या बायका थांबून बघत. एकीने त्यांना ताटलीत गरम घाटा आणि वर कच्चं शेंगदाण्याचं तेल आणून दिलं, तो त्यांनी शिडीवर बसूनच खाल्ला. शेवटी तार हळूच ओढून पाहिली. प्रज्ञाने हॉलमधल्या पेटीवर नवी नोंद केली, दार उघडून बंद केलं, आणि कुंदाबाईंचा मोबाइल वाजला. 'मागचं दार उघडलं.'

"आता बॅग भरा," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी रिक्षा दारात उभी राहिली तरी कुंदाबाई उंबऱ्यावर घुटमळत होत्या. शेवटी सुगंधाबाईंनीच त्यांना दंडाला धरून रिक्षात बसवलं. "तू जाय बरं कुंदा. पोर वाट देखी राहिनी. घर कुठे पळी जाई का?" रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत कुंदाबाईंचं डोकं बाहेर होतं, पण या वेळी रिक्षा परत आली नाही. सुरत पॅसेंजर सुटली तेव्हा कुंदाबाई तिच्यात होत्या.

पहिले दोन दिवस भाईदासांना फोनवर फोन. "भाऊ, पाच वाजून आठ मिनिटांनी दार उघडलं, कोण?" "सुगंधाबाई, अक्का." "आणि अकरा दहाला?" "उलटायला आल्या असतील." तिसऱ्या दिवसापासून कुंदाबाईंना विचारावंच लागेना. मेसेजची वेळ बघून त्या ज्योतीला सांगायच्या, "आता पाणी गेलं वाटतं, कॉक बघायला आली." "आज पाच वीस झाले, सुगंधाचा घाटा करपला असणार." सकाळचा चहा आणि पाच आठचा मेसेज बरोबर यायचा. मंगळवारी ज्योतीला मुलगी झाली. बातमी कळताच गल्लीने गच्चीवर पेढे खाल्ले, तेव्हा दार इतक्या वेळा उघडलं की कुंदाबाईंना इकडे फोन करून सांगावं लागलं, "कळलं, कळलं, सगळ्या आल्या!"

पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला भाईदासांचा फोन वाजला.

"भाऊ, आज दार उघडलं नाही."

"बरं आहे की, अक्का. कुणी आलं नाही."

"बरं काय? सकाळपासून एकदाही नाही. काल संध्याकाळीही नाही. सुगंधा फोन उचलत नाही. भाऊ, अजून दोन घरांचे बिबडे बाकी आहेत. काहीतरी झालंय." मागे बाळ रडत होतं, ज्योती काहीतरी समजावत होती. "मी निघते. दुपारची गाडी आहे."

"अक्का, बाळ पाच दिवसांचं आहे."

"म्हणून काय झालं? बघून येते नि परत येते."

आज त्या निघाल्या की परत जाणार नाहीत, हे भाईदासांना पक्कं ठाऊक होतं. एकदा घरी आल्या की पुन्हा कडी, पुन्हा वाट्या, पुन्हा तीच बॅग. "एक तास द्या मला," ते म्हणाले.

प्रज्ञाने मोबाइलवर पेटीची स्थिती बघितली. "सगळं चालू आहे. सगळ्या सेन्सरची हजेरी लागलीय. मागचं दार बंद."

"तारेचं आहे ते," भाईदास चपला घालत म्हणाले. "तार तुटली असती तर बोंब आली असती. ज्या अर्थी काही आलं नाही, त्या अर्थी दार खरंच उघडलं नाही." आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की तार खरी असण्याचं हे समाधान आज काहीच कामाचं नव्हतं. दार उघडलं नाही हे खरं, हीच तर काळजी होती.

कुंदाबाईंचं घर जागच्या जागी होतं. मागच्या दाराला कुलूप, तार सरळ. त्यांनी सवयीने खिडकीतून पट्टीकडे पाहिलं, समाधान झालं, मग मान वर केली. गच्चीच्या कठड्यावर एकही साडी नाही. सुगंधाबाईंच्या दाराला कडी. तेवढ्यात पलीकडून हसण्याचा आवाज आला. भाईदास घराला वळसा घालून गेले. सुगंधाबाईंच्या घराला मागे पाण्याच्या टाकीची जेमतेम चार पावलांची गच्ची होती. तिथे सात बायका एकमेकींच्या अंगावर पडत, टाकीवर, कठड्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर बिबडे टाकत होत्या. एक बिबडा टाकीच्या झाकणावर होता.

"सुगंधाबाई, हे काय? अक्कांची गच्ची सोडून इथे?"

सुगंधाबाईंनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "काय करसू भाऊ? आम्ही तठे दार उघाडं का कुंदाना फोन वाजस. पहाटे पहाटे फोन वाजना का पोर उठस. बाळंतीणनी झोप मोडस. म्हनीसन आम्ही काल बठ्ठ्याजनींनी ठरायं, आठेच वाळाडू."

"आणि फोन?"

"हाई हात देख ना मना. घाटाना हातघाई फोन कोन उचली?"

भाईदासांनी स्वतःच्या फोनवरून दोंडाईचा लावला आणि स्पीकर चालू केला. कुंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग अंगणवाडीत शिकवत असतानाचा त्यांचा जुना आवाज निघाला, ज्याला एके काळी चाळीस पोरं घाबरायची.

"तुम्हाला कुणी सांगितलं बाळ उठतं म्हणून? बाळ रात्रभर टक्क जागंच असतं! ते झोपतं सकाळी सहाला, मेल्यांनो!"

"मंग आमले काय म्हाईत?" सुगंधाबाई म्हणाल्या.

"माहीत नव्हतं तर विचारायचं! इथे माझा जीव टांगणीला. बॅग भरून बसलेय मी."

"तर मंग काढ ती बॅगमधलं," सुगंधाबाई म्हणाल्या. "आन् नातना फोटो धाड. कालपासून एकबी धाडा नही."

कुंदाबाई बॅग उघडत असल्याचा आवाज फोनवर ऐकू आला. "उद्या पाच आठला दार उघडलं नाही ना," त्या म्हणाल्या, "तर मी सगळ्यांना बघून घेईन. माझ्या गच्चीवर काय, टाकीच्या झाकणावर बिबडे टाकतात!" फोन बंद होण्याआधी मागे ज्योतीच्या हसण्याचा आवाज आला आणि दुपारच्या गाडीचं नाव पुन्हा निघालं नाही.

भाईदास घरी आले तेव्हा प्रज्ञा लॅपटॉप उघडून बसली होती. सगळं ऐकून तिने लगेच उपाय काढला. "सोपं आहे, पप्पा. पेटीला सांगून ठेवायचं, सकाळी सहापर्यंत दार उघडलं नाही तर तसा मेसेज पाठव. पाच मिनिटांचं काम."

"काय मेसेज जाईल?"

"'मागचं दार उघडलं नाही.'"

भाईदास पाटावर बसले. लिलाबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी कप उचलला, पण ओठाला लावला नाही.

"ते तर अक्कांना आजही कळलंच होतं की गं," ते म्हणाले. "चोर आला म्हणून उघडलं नाही, कुणी आजारी पडलं म्हणून उघडलं नाही, की बाळाची झोप मोडू नये म्हणून उघडलं नाही, हे दोंडाईच्यात बसलेल्या माणसाला कशाने कळवायचं?"